कवळीवाले भावजी आणि दोन सीटची गाडी

आमच्या भावजींना गाडी चालवता येत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना लोक मला मध्येच थांबवून विचारतात, "म्हणजे ज्या माणसाला गाडी चालवता येत नाही, त्याने गाडी बांधली?" हो, बांधली. अडीच वर्षं घरामागच्या शेडमध्ये उताणं पडून बांधली. आणि तीही साधीसुधी नाही. दोन सीटची, लांब नाकाची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार. ती बघायला पोस्टमनसुद्धा सायकल भिंतीला टेकवून पाच मिनिटं उभा राहायचा आणि मग आमची पत्रं घेऊन तसाच निघून जायचा.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर वेगळे. ते पेशंटच्या तोंडात हात घालतात आणि तोंडाचा ठसा घेऊन भावजींकडे पाठवतात. भावजी त्या ठशात प्लास्टर ओततात, वर मेण चढवतात, मेणात एकेक दात रोवतात आणि चार दिवसांनी कुणाचे तरी आजोबा पुन्हा हसायला मोकळे होतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल आहे. त्यावर ओळीने जबडे मांडलेले असतात, आणि नवीन माणूस दारातूनच परत फिरतो. रस्त्यात कुणी भेटलं की भावजी त्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. माझे होणारे यजमान पहिल्यांदा घरी आले, तेव्हा सगळ्यांनी मुलगा कसा वाटला म्हणून भावजींना विचारलं. ते म्हणाले, "चावा चांगला आहे." बस. त्यापलीकडे माणसात बघण्यासारखं काही असतं असं त्यांना वाटलंच नाही.

आणि ताई? ताईने एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. एकच गाडी, एकच बाई, आणि शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक आणि क्लच. शिकणारा स्टिअरिंगवर, ताई शेजारी, तिचे दोन्ही पाय त्या दोन पेडलांवर. अर्ध्या गावाला तिने असं शिकवलं. बाजारात जायचं तिच्याबरोबर तर पंचाईत व्हायची, दर दहा पावलांवर कुणीतरी गाडी हळू करून "मॅडम, नमस्कार!" म्हणायचं, आणि मॅडम म्हणायच्या, "नमस्कार नंतर करा, आधी आरसा बघा."

तिच्या हातून दोनच विद्यार्थी नापास झाले. एक मी. माझं सोडा, मला झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते. दुसरे भावजी. लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. तिसऱ्याच धड्याला भर चौकात दंतमंजनाची भली मोठी जाहिरात दिसली. भावजींनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून तिकडे बोट केलं आणि म्हणाले, "अगं, बघ, तो वरचा दुसरा दात खोटा आहे." ताईने ब्रेक दाबला म्हणून गाडी भाजीवाल्याच्या हातगाडीशी नुसतं बोलून थांबली. त्यानंतर आठ दिवस नवराबायकोत अबोला होता. भावजींनी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि ताईनेही विषय काढला नाही. संसार उत्तम चालला.

मग तो अपघात झाला. एका भर दुपारी एक शिकाऊ बाई वळणावर घाबरली आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून बसली. गाडी बागेच्या कठड्यावर चढली. बाईचं मनगट मोडलं, दीड महिन्यात जोडलंही गेलं, ती स्वतः फुलं घेऊन ताईला भेटायलाही आली. ताईला साधं खरचटलं नव्हतं. कुणी तिला बोल लावला नाही, चौकशीलाही कुणी आलं नाही. पण ताई एकच वाक्य बोलायची: "माझा पाय उशिरा पडला."

आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी सांगितलं, त्या बाईने सांगितलं, गाडीची देखभाल करणाऱ्या गॅरेजवाल्याने तर शपथेवर सांगितलं. ताई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही नव्हतात तिथे. एकतीस वर्षं पाय वेळेवर पडला, त्या दिवशी नाही पडला. आता उद्या पडेल कशावरून?" तिने पाटी उतरवली, गाडी देऊन टाकली, आणि त्यानंतर ती कुठल्याच गाडीत बसली नाही. स्टिअरिंगवर नाही, शेजारीही नाही, मागेसुद्धा नाही. दवाखाना असो की लग्नकार्य, ती चालत जायची. लांबचं असेल तर जायचीच नाही. जिच्या आवाजाने चौकातले पोलीस सरळ उभे राहायचे, ती माझी ताई दिवसभर स्वयंपाकघरात बसून त्याच त्या बरण्या पुसायची. मला बघवत नव्हतं. मी वरच्या मजल्यावर राहते. खाली बरणीचं झाकण वाजलेलं मला वर ऐकू यायचं.

भावजी मात्र काहीच बोलायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा. मी एकदा तोंडावर म्हटलंही, "भावजी, जबड्यांतून जरा डोकं वर काढा. बायको वाळत चाललीय." ते मेणाची पट्टी दिव्यावर धरून होते. म्हणाले, "मेहुणीबाई, ठसा घ्यायचा असेल तर तोंड आपणहून उघडावं लागतं. जबरदस्तीने उघडलं तर ठसा वेडावाकडा येतो." मी कपाळावर हात मारून वर निघून गेले.

आठ महिन्यांनी ते धूड आलं. भावजींचे एक जुने पेशंट वारले होते. त्यांच्या अंगणात एक गाडी पंधरा वर्षं वेलींखाली पडून होती, आणि त्यांच्या मुलांना ती हलवून हवी होती. गॅरेजवाल्याने ती ओढून आणली आणि रिकाम्या शेडमध्ये लोटली, जिथे ताईची शिकवणीची गाडी उभी असायची. मी बघायला गेले. तिला गाडी म्हणणं म्हणजे आमच्या टेबलावरच्या जबड्यांना माणूस म्हणण्यासारखं होतं. पत्र्याला हात लावला की पत्रा हातात यायचा. सीटमध्ये उंदरांनी तीन पिढ्या काढलेल्या. भावजींनी नाकाशी उकिडवं बसून पुढच्या जाळीच्या उभ्या पट्ट्या बोटाने एकेक हलवून पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाले, "वरचे चार नाहीत. दोन हलतायत. बाकी मुळं शाबूत आहेत."

"भावजी, तुम्हाला गाडी चालवता येत नाही," मी म्हटलं.

"लोकांच्या कवळ्यांनी तरी मी कुठे चावायला जातो?" ते म्हणाले.

ताईने स्वयंपाकघराची शेडकडची खिडकी लावून घेतली. मला ते समजत होतं, आणि भावजींचा बेतही मला थोडाथोडा समजायला लागला होता. धडधाकट गाडी दारात आणून उभी केली असती तर ताईने सरळ ओळखलं असतं आणि त्याच दिवशी परत पाठवली असती. या भंगाराला मात्र कुणी कशाला घाबरेल? ते कुठे जाणारच नव्हतं.

मग सुरू झालं काम. इंजिन गॅरेजवाल्याकडे, तो दर रविवारी यायचा, भावजींना "डॉक्टर" म्हणायचा आणि कामाच्या निम्मा वेळ हसण्यात घालवायचा. कारण भावजींना एकच विद्या येत होती, आणि त्यांनी सगळी गाडी त्या विद्येने दुरुस्त करायची ठरवली होती. जाळीच्या नसलेल्या चार पट्ट्यांसाठी त्यांनी शेजारच्या पट्टीचा ठसा घेतला, मेणाची पट्टी घडवली, साचा केला आणि धातू ओतून हुबेहूब पट्ट्या बसवल्या. दिव्यांच्या तुटलेल्या काचा कवळीच्या अॅक्रिलिकमध्ये लाल रंग घालून केल्या. गिअरच्या दांड्यावरचा गोळा त्यांनी पहिल्यांदा केला तेव्हा घरात कवळ्यांचा गुलाबीच मसाला शिल्लक होता. तो हिरडीच्या रंगाचा गोळा बघून गॅरेजवाला शेडच्या बाहेर जाऊन बसला आणि दहा मिनिटं आत आला नाही. दार नीट बसतं की नाही हे बघायला भावजी दारात निळा कागद धरायचे, कवळी चावून बघायला देतात तोच, दार लावायचे, आणि निळा डाग उमटेल तेवढीच जागा घासायचे. चार दारं लावण्याइतका वेळ एका दाराला लागला, पण शेवटी ते असं लागायला लागलं की आवाजच येईना. गॅरेजवाल्याचं हसू तेव्हा पहिल्यांदा थांबलं.

एका गोष्टीने मात्र दोघांची सारखी वाजायची. दातांच्या कामात माणूस पेशंटच्या समोर बसतो. त्यामुळे पेशंटची उजवी बाजू कागदावर डावीकडे काढायची रीत आहे. भावजी चाळीस वर्षं तसंच काढत आलेले. ते गाडीच्या नाकासमोर स्टूल टाकून बसायचे आणि गाडीचं चित्र काढायचे, भागांना दातांसारखे नंबर द्यायचे. गॅरेजवाला खालून ओरडायचा, "डॉक्टर, उजव्या चाकाचा नट!" आणि भावजी शांतपणे डाव्या चाकाचा नट आणून द्यायचे. शेवटी ठरलं की भावजींनी तोंडाने काही सांगायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं.

स्वयंपाकघराची खिडकी सहा महिने बंद होती. मग एका दुपारी तिच्या मागून आवाज आला, "अहो, तो जॅक सपाट जमिनीवर ठेवा, गाडी अंगावर घ्यायचीय का?" भावजींनी वर न बघता जॅक सरकवला. दुसऱ्या आठवड्यात खिडकी बोटभर उघडी. तिसऱ्या महिन्यात पूर्ण उघडी, आणि ताई भांडी पुसत पुसत तिथून हुकूम सोडायची: "हँडब्रेक कुठे जोडलाय तो? ढिला आहे. मला इथून दिसतोय." जुन्या ब्रेकांवर तिचा बिलकूल विश्वास नव्हता. तिच्या सांगण्यावरून गॅरेजवाल्याने पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक बसवले, कमरेचे पट्टे लावले, मागे तिसरा दिवा लावला. पण शेडमध्ये पाय ठेवायला ती तयार नव्हती. भावजींनी एकदा नुसतं "येतेस का बघायला" म्हटलं, तर खिडकी पुन्हा चार दिवस बंद.

या सगळ्यात आणखी एक गृहस्थ घुसले. जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे, त्याचे ते सचिव. आम्ही त्यांना अस्सलराव म्हणायचो, कारण त्यांच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता. खिशात भिंग, हातात वही. ते येऊन गाडीभोवती फिरायचे आणि प्रत्येक स्क्रूचा न्याय करायचे. "हा अस्सल. हा अस्सल नाही. हा... अरेरे." डिस्क ब्रेक बघून त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. जाळीपाशी मात्र ते विरघळले. भावजींनी ओतलेल्या नेमक्या त्या चार पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "बघा! याला म्हणतात अस्सल काम. आजकाल असं कुणी करतं का?" भावजी विनयाने म्हणाले, "नाही करत." पुढे अस्सलरावांनी कबूल केलं की ब्रेक परत जुने बसवले तर क्लबच्या प्रदर्शनात गाडीला पहिल्या रांगेत जागा मिळेल. भावजींनी विचार करतो म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी गाडीच्या तळाला दोन भोकं पाडली.

शेजारच्या सीटपुढे, पायांपाशी. जादा ब्रेक आणि जादा क्लच बसवण्यासाठी.

हे काम त्यांनी कुणालाही न सांगता केलं. गॅरेजवाल्याच्या पाठीत उसण भरली होती, तो पंधरा दिवस पालथा पडून होता. भावजींनी ताईचे जुने बूट सीटपुढे ठेवून अंतर मोजलं, नाकासमोर स्टूलवर बसून चित्र काढलं, सळया वाकवून मुख्य पेडलांना जोडल्या, रबराचे दोन तुकडे साच्यात ओतून वर चिकटवले. तपासायला त्यांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः गाडीखाली गेले. "दाबा!" मी एक दाबलं. "लागतोय! आता दुसरं!" मी दुसरं दाबलं. "लागतोय!" ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ग्रीसने माखला होता आणि डोळे ओले होते. मी त्या दिवशी पहिल्यांदा भावजींचे जबडे सोडून त्यांच्याकडे बघितलं. मी त्यांना जबड्यांवरून टोचून बोलले होते त्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी ताईपुढे एक कागद ठेवला. शिकाऊ परवाना. त्यावर भावजींचा फोटो, दात न दाखवता काढलेला.

ताईने तो दोनदा वाचला. "तुम्ही? या वयात?"

"शिकीन म्हणतो."

"शिका. गावात तीन शाळा आहेत."

"विचारलं तिघांना. ते म्हणतात, आमच्या गाडीत या. आपल्या गाडीत बसायला कुणी तयार नाही. शेजारी ब्रेक नसतो ना."

"बरोबरच आहे त्यांचं."

"आपल्या गाडीत आहे," भावजी म्हणाले.

ताईने कप खाली ठेवला. मग ती उठली, मागचं दार उघडलं आणि अंगण ओलांडून शेडमध्ये गेली. मी तिच्या मागोमाग. ती वाकून आत बघत उभी राहिली. दाराच्या चौकटीला तिने हाताने असं धरलं होतं की बोटं पांढरी झाली होती. शेवटी ती आत बसली. एकेक पेडल दाबून पाहिलं.

"दोन्ही कडक आहेत," ती म्हणाली.

"नवीन आहेत," दारातून भावजी.

"हं." तिचा आवाज कापत होता, पण हुकूम जुनाच होता. "रविवारी सकाळी. कारखान्याच्या मैदानावर. पहिला गिअर. दुसरा मागायचा नाही."

गावाबाहेर एक बंद पडलेला काचेचा कारखाना आहे. त्याच्या आवारात ताई पूर्वी लोकांना उलटी गाडी घ्यायला शिकवायची. रविवारी गॅरेजवाला पाठीला पट्टा बांधून वाकडातिकडा आला आणि गाडी तिथवर घेऊन गेला. ताई चालत आली. अस्सलरावही हजर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गाडी शेडबाहेर पडली ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली ते देव जाणे. पेडलांचं आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. ते वही उघडून जरा लांब उभे राहिले.

भावजी स्टिअरिंगवर बसले. ताई शेजारी. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी खिडकीशी गेले तर म्हणाली, "माझ्याशी बोलू नकोस, मला पाय ऐकू दे." मी मागे झाले. त्या दिवशी जर काही झालं असतं तर ताई पुन्हा कधी घराबाहेरही पडली नसती, हे मला, भावजींना आणि गॅरेजवाल्यालाही पक्कं ठाऊक होतं.

"क्लच. गिअर. हळू सोडा. हळू म्हटलं मी."

गाडी दोन धक्के खाऊन निघाली. माणूस चालतो त्या वेगाने. भावजी इतके ताठ बसले होते की जणू त्यांच्याच तोंडाचा ठसा घेणं चाललंय. एक फेरी झाली. ताईचा आवाज हळूहळू मोकळा होत होता. "डावीकडे घ्या. अहो, तुमची नाही, माझी डावीकडे. म्हणजे डावीकडेच!" गॅरेजवाला हसला, मीही हसले. दुसरी फेरी सुरू झाली.

आणि अस्सलरावांना जाळी आठवली. त्यांना ऊन पडलेल्या पट्ट्या बघायच्या होत्या. ते भिंग काढून, वहीत काहीतरी लिहीत, खाली मान घालून सरळ गाडीच्या वाटेत आले. भावजींनी त्यांना पाहिलं आणि भावजी जागच्या जागी गोठले. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. इंजिन एकदम गरजलं, भयंकर. अस्सलरावांनी मान वर केली, किंचाळले आणि बाजूला उडी मारली. वही एकीकडे, भिंग दुसरीकडे. गाडी मात्र थांबली नाही. गरजत गरजत पुढे घरंगळली, मग भावजींना पाय आठवला, त्यांनी ब्रेक दाबला, आणि अस्सलराव जिथे उभे होते त्याच्या दोन हात पुढे जाऊन गाडी उभी राहिली.

ताई समोर बघत बसली होती. तिचे ओठ हलत होते. मला ऐकू आलं नाही तरी ती काय म्हणत असेल ते मला कळत होतं.

गॅरेजवाला पाठ विसरून धावला. वाकून शेजारच्या सीटपुढे बघितलं आणि खालूनच ओरडला, "डॉक्टर! अहो हे उलटं बसवलंय! क्लच उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे!"

भावजींनी डोळे मिटून घेतले. "समोर बसून चित्र काढलं," ते पुटपुटले. "समोर बसून काढलं मी."

"म्हणजे काय?" मी विचारलं. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

"म्हणजे मॅडमनी ब्रेक समजून क्लच दाबला," गॅरेजवाला म्हणाला. "क्लच दाबला की चाकं इंजिनपासून सुटतात. डॉक्टरांचा पाय ॲक्सिलरेटरवर, मग इंजिन मोकळं होऊन ओरडणारच."

ताईने पहिल्यांदा मान वळवली. "मी कधी दाबला?"

"अं?"

"कधी दाबला मी? नीट सांग. उशिरा?"

गॅरेजवाला गोंधळला. "मॅडम, इंजिन ओरडलं तेव्हा. ज्या क्षणी तुमचा पाय पडला त्याच क्षणी ते ओरडलं."

"आणि हे कधी ओरडले?" तिने अस्सलरावांकडे बोट केलं.

अस्सलराव धूळ झटकत उठत होते. "मी? मी कशाला ओरडलो असतो? मी वाचत होतो! ते इंजिन कानाशी फुटलं म्हणून मी वर बघितलं, वर बघितलं म्हणून गाडी दिसली! नाहीतर चिरडलोच होतो मी, बाई!"

ताईने खाली आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. तो अजून त्या चुकीच्या पेडलावर होता, गच्च. मग ती रडायला लागली. तीन वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. ती हमसाहमशी रडली, लहान मुलीसारखी, आणि मीही दाराशी उभी राहून रडले, आणि गॅरेजवाला पाठ धरून दुसरीकडे बघत राहिला.

"माझी चूक झाली गं," भावजी म्हणत होते. "माझ्या हाताने मी..."

"अहो, गप्प बसा," ताई नाक पुसत म्हणाली. "पाय वेळेवर पडला माझा. ऐकलंत ना? तुम्ही सगळे गोठलात तेव्हा माझा पाय पडला होता. पेडल तुम्ही भलतं ठेवलंत त्याला मी काय करू?" आणि ती उतरली, गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी आली. "उतरा."

"कुठे जाऊ?"

"तिकडच्या सीटवर. आणि पाय वर घ्या. काही म्हणजे काही दाबायचं नाही."

भावजी शेजारच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले. ताईने सीट पुढे ओढली, आरसे तीनदा बदलले, पट्टा आवळला, मागे बघितलं, पुढे बघितलं, अस्सलरावांना हाताने बाजूला व्हायला सांगितलं. गाडी इतकी अलगद निघाली की मला कळलंच नाही. मैदानाला एक फेरी. दुसरी फेरी, दुसऱ्या गिअरमध्ये. तिसऱ्या फेरीला ती फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली. गाडी दोन सीटची, त्यामुळे आम्ही तिघं तिथेच. घरी चालत आलो. अस्सलराव वाटभर सांगत होते की तळाला भोकं पाडलेली गाडी प्रदर्शनात पहिल्या काय, शेवटच्या रांगेतही लागणार नाही. आम्ही दोघंही त्यांना हो हो म्हणत होतो.

दीड तासाने शेडशी गाडीचा आवाज आला. मी जिन्यावरून खाली धावले. ताईचे केस वाऱ्याने पार विस्कटले होते. भावजी अजून गुडघे धरूनच बसले होते. ते हळूहळू, एकेक पाय सोडवत उतरले.

"आज दुपारी मी ती पेडलं काढून टाकतो," ते म्हणाले. "आता ती सीट माझी. तू चालव."

"काढून कशाला टाकता? सरळ करा," ताई म्हणाली. "ब्रेक उजवीकडे, क्लच डावीकडे. मी तिथे बसणार आहे. उद्या सकाळी सहाला पहिला धडा."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी ते कसंबसं म्हणाले, "अगं, मला खरंच शिकायचं नव्हतं. मला फक्त तू गाडीत बसायला हवी होतीस."

"ते न कळायला मी काय दुधखुळी आहे का? आता बसलेय," ताई म्हणाली. तिने रुमालाने त्यांच्या कपाळावरची धूळ पुसली. "सहा म्हणजे सहा. आणि बूट घालून या, चप्पल चालणार नाही."